झाकलेला मांडव

नाना कुणाच्या तोंडाकडे आधी पाहत नसत, हातांकडे पाहत. सगळी नोकरी एस.टी.त तिकीट तपासनीस म्हणून गेलेली. तोंड खोटं बोलायला शिकतं, हाताला ते जमत नाही, असं त्यांचं मत होतं. तपासनीस गाडीत चढला की बिनतिकिटाचा माणूस उगाच खिसे चाचपतो, नाहीतर दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन बसतो, हे त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं. धुळ्याला देवपुरात त्यांच्या घरामागच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत असं कळलं, म्हणून आम्ही नवराबायको बघायला गेलो होतो. नाना माझ्या हातांकडे इतका वेळ बघत राहिले की मी ते पदराआड घेतले. तिथेच माझं चुकलं.

"बाई, फुलं तोडायची सवय शे का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"देवाले तं लागत असतील."

"विकत आणते."

"कोणापासून?"

मी शाळेत लहान मुलांना शिकवत होते. प्रश्न विचारायची सवय मला, उत्तरं द्यायची नव्हे. मी यांच्याकडे पाहिलं, यांनी छताकडे पाहिलं. तेवढ्यात आतून अक्कांचा, म्हणजे नानांच्या बायकोचा, आवाज आला, "दी टाका त्यास्ले खोल्या. मास्तरीण शे ती, चोर नही."

"मास्तरीण शे म्हणीसनच इचारी राहिनू," नाना म्हणाले. पण खोल्या मिळाल्या.

नाना मूळचे शिंदखेड्याकडचे. अक्कांशी अहिराणी बोलत, आमच्याशी अर्धं हे अर्धं ते. रागावले की मात्र अख्खी अहिराणी. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरापुढच्या आणि बाजूच्या जागेत बाग केली होती. फाटकाशी मोगरा, जास्वंद, गुलबक्षी. आत वांगी, मिरच्या, भेंडी, गवार. आणि शेजारच्या भिंतीला लागून बांबूचा मांडव, त्यावर गिलक्याचा वेल. बाकी महाराष्ट्रात ज्याला घोसाळं म्हणतात ते आमच्या खान्देशात गिलकं. धुळ्याच्या उन्हाळ्यात, जिथे दुपारी दाराची कडी धरली तर हात भाजतो, तिथे नानांनी ही बाग हिरवी ठेवली होती, हे मी कबूल करते. आंघोळीचं पाणी, तांदूळ धुतल्याचं, भाजी धुतल्याचं, एक थेंब मोरीत जात नसे. प्रत्येक झाडाच्या आळ्यात उसाचं पाचट घातलेलं, मिरच्यांवर तुराट्यांची सावली. संध्याकाळी ऊन उतरलं की झारी घेऊन ते एकेका झाडापाशी थांबत. पाणी घालत आणि तपासत.

'तपासलं पाहिजे' हे त्यांचं पालुपद. दूध आलं, तपासलं पाहिजे. मीटरचा आकडा घ्यायला माणूस आला, तपासलं पाहिजे. पाहुणे आले तरी ते कशाला आले असतील हे तपासलं पाहिजे. फाटकाला त्यांनी आतून डबे बांधून ठेवले होते, कुणी फाटक लोटलं की खडखडाट व्हायचा आणि नाना कुठूनतरी उगवायचेच. वांग्याच्या प्रत्येक देठाला त्यांनी रंगीत दोरा बांधलेला असे. कोणतं वांगं कधी धरलं हे त्यांना त्या दोऱ्यावरून कळायचं, आणि नाहीसं झालं तर तेही.

मोगऱ्यावर त्यांचा विशेष पहारा. एकदा मी आग्रा रोडवरून गजरा विकत घेऊन माळला आणि फाटकातून आत आले. डबे खडखडले. नाना समोर.

"गजरा कुठला?"

"बाजारातला."

"इकडे या." ते दोन हात अंतरावर उभे राहिले, मान पुढे काढून वास घेतला, आणि निवांत झाले. "बाजारचाच शे. आपल्या मोगऱ्याचा वास असा नसतो." मला राग आला होता, पण अक्का आत एवढ्या जोरात हसल्या की माझाही राग गेला. त्या दिवसानंतर माझ्यावरचा संशय थोडा कमी झाला, असं त्यांनी यांना सांगितल्याचं मला कळलं. पूर्ण गेला असं ते म्हणाले नव्हते.

अक्का हसून घेत असत म्हणून त्या घरात राहता येत होतं. एकदा एक मोठं वांगं नाहीसं झालं. भरताचं, हिरवं, देठाला लाल दोरा बांधलेलं. नानांनी दुसऱ्या दिवशी वांग्यांच्या भोवती चुलीतली राख चाळून पसरली. चोर पुन्हा येतोच, हे त्यांचं नोकरीतलं ज्ञान. आणि खरंच, सकाळी राखेत चपलेचा स्वच्छ ठसा! मग तपास सुरू झाला. माझी चप्पल आणून लावली, यांची लावली. दूधवाल्याला एक पाय उघडा करून उभं केलं. कुणाचीच बसेना. नाना घामाघूम झाले.

अक्का ओट्यावर गहू निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "आते आपली भी लावी देखा."

नानांनी स्वतःची चप्पल काढून लावली. अगदी बरोबर बसली. उजाडायच्या आधी राख तपासायला तेच आले होते.

"मंग वांगं कोठे गये?" त्यांनी हार न मानता विचारलं.

"ते तुम्हीच खादं. परवा. भरीत."

हे असं चालायचं. आम्ही हसायचो, गल्ली हसायची, नानाही कधीकधी हसायचे. कुणाचं काही बिघडत नव्हतं. त्यांचा संशय आम्हाला उन्हासारखा अंगवळणी पडला होता, तो कुणाला चटका देईल असं वाटत नव्हतं. मग शेजारच्या घरात इंदूवहिनी राहायला आल्या.

इंदूवहिनी एदलाबादकडच्या, म्हणजे आताच्या मुक्ताईनगरच्या. यजमान सरकारी कचेरीत कारकून, सकाळी जायचे ते संध्याकाळी यायचे. वहिनी माझ्याच वयाच्या, उंच, घाऱ्या डोळ्यांच्या. त्यांना एकच खोड होती, कौतुक करायची. जे दिसेल त्याचं कौतुक. माझ्या पडद्यांचं, अक्कांच्या पितळी तांब्याचं, दूधवाल्याच्या म्हशीचंसुद्धा. मनात काही नाही. पोटात तेच ओठात. त्यांचे कपडे वाळत घालायची दोरी नानांच्या भिंतीपलीकडेच होती, आणि तिथून समोर गिलक्याचा मांडव दिसायचा.

"माय वो! नाना, काय वेल फुलला हो तुमचा! असा तर मी मळ्यातबी नाही पाहिला." 

नाना झारी खाली ठेवून तिच्या हातांकडे बघत. ती बोट वाकवून वेल दाखवायची. कोवळ्या फळाकडे सरळ बोट केलं की ते कुजतं, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं, आणि तिलाही होतं. म्हणजे हातांत काही दोष सापडेना. पण फाल्गुन सरता सरता उन्हाचा तडाखा वाढला आणि वेलावरची करंगळीएवढी गिलकी पिवळी पडून गळायला लागली. त्या उन्हात थोडीफार गळतातच. नानांच्या इतर वर्षीही गळली असतील. पण यंदा शेजारी एक बाई नवीन होती, तिचे डोळे घारे होते, आणि तिने तोंड भरून कौतुक केलं होतं. तपासनिसाला अजून काय पाहिजे?

नानांनी कुणाला 'तिची नजर लागली' असं एकदाही म्हटलं नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे ते स्वतः याच गोष्टीवर अडून बसायचे. ते फक्त विचारायचे. दूधवाल्याला विचारलं, "काल शेजारनी बाईनी तुना म्हशीनं नाव काढं व्हतं का?" आणि त्या आठवड्यात म्हैस आटली होती. समोरच्या काकूंना विचारलं, "तुमच्या नातवाले ताप आला त्या दिवशी कोण येऊन गेलं व्हतं?" काकूंनी आठवलं. आठवल्यावर त्यांना जे आठवायचं तेच आठवलं. नाना प्रश्न टाकून घरी यायचे आणि उत्तरं गल्ली तयार करायची.

इकडे त्यांनी मांडव झाकला. अक्कांची जुनी लुगडी काढली, हिरवी, जांभळी, एक विटकं अबोली, आणि मांडवाच्या चारही बाजूंनी ती अशी घट्ट बांधली की आत वेल आहे हे ज्याला माहीत नाही त्याला वाटावं, कुणी न्हाणीघर उभं केलंय. पहाटे अंधारातच बांधायचे. वहिनी कपडे वाळत घालायला येण्याच्या आत. संध्याकाळी ती आत गेली की सोडायचे, पाणी घालायचे. वेलाला वारा लागावा म्हणून रात्री उघडा ठेवायचे. आणि तरी गिलकी गळतच होती. थोडी नाही, सगळी. एक फळ धरत नव्हतं. पिवळीधमक फुलं उमलायची, मागचं कोवळं गिलकं चार दिवसांत सुकून खाली. नानांनी लुगडी दुपदरी केली.

"देख, झाकं तरी लागनीच!" ते अक्कांना म्हणत. "किती जोर व्हई त्या नजरमा!"

वहिनींना सुरुवातीला काही कळलं नाही. लुगड्यांचं त्यांनी कौतुकच केलं, की नाना वेलाला उन्हापासून किती जपतात. मग एक दिवस समोरच्या काकू नातवाला घेऊन ओट्यावर बसल्या होत्या, वहिनी जाता जाता थांबल्या आणि हसून म्हणाल्या, "कसं गोड बाळ!" काकूंनी बाळावर पदर ओढला, बाजूला थुंकल्यासारखं केलं आणि उठून आत निघून गेल्या. दार लावून घेतलं. मी माझ्या खिडकीतून पाहत होते. वहिनी त्या बंद दारासमोर उभ्याच राहिल्या. मग त्यांनी आपल्याच साडीचा पदर नीट केला, कुणी पाहिलं का असं इकडेतिकडे बघितलं आणि घरी गेल्या. मला इतका संताप आला की मी अक्कांकडे जाऊन बडबडले. अक्का त्या दिवशी हसल्या नाहीत.

मग वाळवणाचे दिवस आले. ज्यांनी उन्हाळ्यातला खान्देश पाहिला नाही त्यांना सांगते, आमच्याकडे बिबडे ही एकट्या बाईची कामगिरी नाही. ज्वारी भिजवून, कांडून, मोठ्या पातेल्यात लसूण, मिरची, तीळ घालून तिचं पीठ शिजवायचं, आणि ते गरम आहे तोवर ओल्या हाताने कापडावर एकेक बिबडा थापायचा. गार झालं की पीठ आळतं, मग थापलं जात नाही. म्हणून गल्लीतल्या सगळ्या जणी सकाळी एकीकडे जमायच्या, उद्या दुसरीकडे. आज मी तुझ्याकडे, उद्या तू माझ्याकडे. गप्पा, चहा, गरम पीठ तेल घालून खाणं. नवीन आलेली बाई गल्लीची होते ती तिथेच.

त्या वर्षी इंदूवहिनींना कुणी बोलावलं नाही. माझ्याकडे जमलं तेव्हा मी बोलावलं, त्या आल्या, तर काकूंना आणि आणखी दोघींना अचानक घरी कामं निघाली. वहिनींनी ते ओळखलं. थापता थापता त्या म्हणाल्या, "ताई, मी काय केलं?"

मी म्हटलं, "काही नाही केलं."

"मग मले कोणी बोलत काहून नाही? मी कोणाची वस्तू चोरली का? मी तर नुसतं चांगलं म्हणते."

मी पीठ ढवळत राहिले. तिचे स्वतःचे बिबडे अजून व्हायचे होते. तिच्या घरी ज्वारी भिजत घालायची होती, आणि त्या दिवशी कोण येईल या भीतीने ती रोज पुढे ढकलत होती. "आले नाही कोणी तर?" ती म्हणायची. "पीठ वाया जाईल ते जाईल, पण सगळ्यांले दिसेल ना ताई, की कोणी आलं नाही." एवढीच तिची काळजी, आणि ती काही लहान काळजी नव्हती.

अशात नानांच्या भाचीचं लग्न निघालं, जळगावला. जाणं भाग होतं. बाग सोडून जायची म्हणजे नानांना ताप भरायचा बाकी राहिला. शेवटी पाणी घालायचं काम माझ्यावर आलं, शाळेला सुटी होती म्हणून. नानांनी मला प्रत्येक आळ्यापाशी नेऊन बजावलं. मांडवाची लुगडी त्यांनी निघताना स्वतः बांधली, एक विचित्र गाठ मारून. संध्याकाळी सोडायची परवानगीही मला नव्हती. खालून पाणी घाला, पुरे.

"ही गाठ मीच मारतो अशी," ते म्हणाले. "दुसऱ्याने सोडून बांधली की मला कळतं."

ते गेले आणि एक-दोन दिवसांत दुपारची वावटळ उठली. वैशाखात उठतात तशी, पण ही जबर होती. पत्रे वाजले, धुळीने डोळे मिटले. उघडून बघते तो मांडव उघडा! हिरवं लुगडं रस्त्याकडेच्या कडुलिंबाच्या शेंड्यावर, अबोली विजेच्या तारेवर, आणि जांभळं उडून भिंतीपलीकडे, इंदूवहिनींच्या अंगणात पडलेलं.

मी धावत गेले. वहिनी दारात उभ्या होत्या, पांढऱ्याफटक. लुगडं त्यांच्यापासून चार हातांवर. त्यांनी त्याला हात लावला नव्हता.

"तुम्ही उचला ताई," त्या म्हणाल्या. "तुम्हीच उचला. नाना म्हणतील मी काढलं. मी नाही हो काढलं, वाऱ्याने आणलं, तुम्ही पाहिलं ना? पाहिलं ना तुम्ही?"

कुणाच्या अंगणात एक जुनं लुगडं पडावं आणि त्या बाईने एवढं घाबरावं! मी ते उचललं आणि त्या क्षणी ठरवलं की आता हे पुन्हा बांधायचं नाही. फाटलं होतं हे खरं, पण शिवता आलं असतं. मी शिवलं नाही. झाकून गळतंय ते उघडं गळू दे, म्हटलं. वर वहिनींना म्हणाले, रोज संध्याकाळी पाणी घालायला तुम्ही माझ्याबरोबर यायचं. त्या यायला तयार नव्हत्या. मी हाताला धरून नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना मांडवाकडून गुणगुण ऐकू आली. पाहिलं तर पिवळ्या फुलांवर मधमाश्या, आणि ते मोठे काळे भुंगे, एकेका फुलात तोंड खुपसून. इतके दिवस तिथे एक माशी नव्हती. असणार कशी? फूल उमलायचं ते लुगड्यात, मिटायचं ते लुगड्यात. मी फुलपात्र हातात धरून बघत राहिले आणि माझ्या लक्षात आलं, माशी फुलाला शिवलीच नाही तर फळ धरणार कसं? मला हसूही येईना.

जळगावच्या पाहुण्यांनी नाना-अक्कांना आमरसासाठी आणखी आठ-दहा दिवस आग्रहाने ठेवून घेतलं. ते परत आले तेव्हा फाटकाचे डबे वाजले. मी बाहेर आले. नाना हातातली पिशवीही खाली न ठेवता मांडवाकडे बघत उभे होते. मांडवावरून गिलकी लोंबत होती, हातभर लांब, कोवळी, हिरवीगार.

त्यांनी आधी माझ्या हातांकडे पाहिलं. मग जवळ जाऊन एका गिलक्याचा देठ निरखला, दुसऱ्याचा निरखला, एक ओढून पाहिलं.

"बाजारातून आणून बांधली नाहीत ना?"

"नाना!"

"लुगडी कोणी काढली?"

"वाऱ्याने."

"आणि ती?" त्यांनी मानेनेच शेजारी खूण केली. "तिने पाहिलं?"

"रोज पाहिलं," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "रोज संध्याकाळी इथे उभी राहून तिने पाणी घातलं. दोन्ही घाऱ्या डोळ्यांनी पाहिलं तिने."

नाना पिशवी घेऊन आत गेले. दुसऱ्या दिवशी पाहते तो त्यांनी अर्धा मांडव पुन्हा झाकलेला. डावी बाजू झाकली, उजवी उघडी. मी रागाने विचारलं, तर म्हणाले, "तपासलं पाहिजे." माझ्यावर विश्वास नव्हता, वाऱ्यावर नव्हता, माश्यांवरही नव्हता. रोज सकाळी ते बादली पालथी घालून मांडवासमोर बसत. माश्या कुठे येतात, कुठे येत नाहीत, बघत. इंदूवहिनी कपडे वाळत घालायला आल्या की त्यांच्याकडे बघत, वेलाकडे बघत. वहिनी खाली मान घालून कपडे टाकायच्या आणि पळायच्या. झाकलेल्या बाजूची नवी गिलकी पिवळी पडून गळाली. उघड्या बाजूची धरली. नजर लागायची तर ती उघड्या बाजूला आधी लागायला हवी होती.

एका संध्याकाळी त्यांनी लुगडं सोडलं, घडी केली आणि ओट्यावर अक्कांपुढे ठेवलं. जेवायला उठले नाहीत. अक्का म्हणाल्या, "देखं ना आते? मंग त्या पोरीले काय सांगशात?"

"मी काय म्हणेल व्हतं तिले? मी तं नुसतं इचारे."

"नुसतं इचारे!" अक्का म्हणाल्या. मी त्यांना नानांवर रागावलेलं तेव्हाच पाहिलं, आधी नाही आणि नंतरही नाही.

मृग तोंडावर आला तेव्हा वहिनींना बिबड्यांचं आणखी पुढे ढकलता येईना. एका सकाळी त्यांनी अंगणात पातेलं चढवलं. मी होते. अक्कांना गुडघ्यांमुळे खाली बसवत नसे, त्या भिंतीशी खुर्ची टाकून होत्या. बाकी कुणी नाही. वहिनी दर थोड्या वेळाने रस्त्याकडे बघायच्या आणि काही नाही असं दाखवत पीठ ढवळायच्या. पीठ गार होत चाललं होतं. दोघींचे हात किती पुरणार? गल्लीत दारं उघडी होती, दारांत बायका होत्या, पण उंबरा कुणी ओलांडत नव्हतं.

मग नाना आले. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला. आले, पाटावर बसले, पाण्यात हात बुडवला आणि पिठाचा गोळा घेऊन कापडावर थापायला लागले. आयुष्यात त्यांनी बिबडा थापला नव्हता. एका बाजूने जाड, दुसऱ्या बाजूने भोक. हात भाजला तसे 'हाय' म्हणाले आणि पुढचा घेतला. एस.टी.तला एवढा कडक माणूस, ज्याला पाहून गाडीभर लोक ताठ बसायचे, तो भर सकाळी बायकांच्या कामाला मांडी घालून बसलेला. दारांतून आधी खुसखुस आली, मग हसणं. समोरच्या काकू तोंडाला पदर लावून आल्या, "उठा नाना, तुमच्याच्याने नाही व्हायचं ते." त्यांच्यामागून दुसरी, मग तिसरी. अंगण भरलं.

नाना उठले नाहीत. त्यांनी सगळ्यांना बसू दिलं, आणि मग गाडीत तिकीट मागायचे त्या आवाजात म्हणाले, "बठ्ठास्नी ऐका. हाई बाईनी नजर मी तपासेल शे. काही दोष नही. चूक मनी व्हती, मीच इचारत फिरनू." एवढं बोलून त्यांनी काकूंच्या हातांकडे पाहिलं. "हात धुई लिधात का?"

सगळ्या हसल्या. वहिनी हसल्या नाहीत. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्या पीठ ढवळतच होत्या. मला त्या वेळी वाटलं, चला, मिटलं. एका म्हाताऱ्याने मोठं काम केलं, असंही वाटलं, आणि ते मला आजही वाटतं.

गल्लीचं मिटलंच. वहिनींना सगळीकडे बोलावणी यायला लागली, काकूंनी नातू त्यांच्या मांडीवर दिला. पण वहिनींचं कौतुक करणं गेलं ते गेलं. बाळ मांडीवर घेऊन त्या त्याच्याकडे न बघता काकूंशी बोलायच्या. मी नवीन साडी नेसून समोर गेले तर नजर खाली. एकदा मी म्हटलंच, आता कशाला घाबरता? त्या म्हणाल्या, "घाबरत नाही ताई. आता तोंडातून निघतच नाही."

पुढच्या उन्हाळ्यात आमच्या यांची जळगावला बदली झाली. सकाळीच ट्रक आला, सामान चढत होतं. नाना फाटकाशी उभे राहून प्रत्येक गाठोडं निरखत होते, एक पोतं त्यांनी दाबूनही पाहिलं. मग झारी भरून मांडवाकडे गेले. यंदा वेल चारही बाजूंनी उघडा होता आणि फुलांनी पिवळा झाला होता. भिंतीपलीकडे इंदूवहिनी कपडे वाळत घालत होत्या, मांडवाकडे पाठ करून.

"इंदू," नाना म्हणाले. "यंदा वेल कसा शे वं?"

"बरा आहे नाना," त्या न वळता म्हणाल्या.

नानांनी आळ्यात पाणी घातलं. "गिलके भी चांगले लागनात."

"हो ना."

"देख तं खरं, कितलं मोठं शे हाई. देख ना."

"पाहिलं नाना," त्या म्हणाल्या. त्यांनी पाहिलं नव्हतं. त्या बादलीतला पुढचा कपडा पिळत होत्या.

ट्रक सुरू झाला. रिकामी झारी घेऊन नाना भिंतीशी उभे होते, ती आणखी काही म्हणेल म्हणून.